शमुवेलमामांची गाडी

नगर

लायसन माझ्या खिशात होतं, पण गाडी मला येत नव्हती. हसू नका, त्या वर्षी असे पुष्कळ होते. पंधरा दिवस नगरच्या एका मैदानावर ट्रक गोल गोल फिरवला, एका साहेबाने मला मागंपुढं करायला लावलं आणि कागद हातात दिला. मैदानात समोरून एस.टी. येत नाही, घाट येत नाही, म्हशी आडव्या येत नाहीत. तेव्हा मी ड्रायव्हर होतो तो कागदावर.

आमच्या गावचं कुणी नगरला गेलं तर कोर्टात नाहीतर दवाखान्यात. मी गेलो तो गाडी शिकायला, त्यामुळे परत आल्यापासून जो तो विचारतो, कसं असतं रं किसना, काय काय बघितलं. पारावर सांगून सांगून तोंड दुखलं. शिवाय तोंडी सांगताना मी एक गोष्ट दर वेळी गाळतो. म्हणून आता लिहूनच काढतो. सातवीपर्यंत शिकलेलो आहे, शुद्धलेखनाचं तेवढं सांभाळून घ्या.

माझा मूळ धंदा बैलगाडीचा. कर्जत तालुक्यात आमची चार एकर कोरडवाहू, आणि उरलेल्या दिवसांत भाड्याने गाडी. दुष्काळ पडला तसं गाडीत घालायला काही राहिलं नाही आणि बैलांना घालायला त्याहून नाही. बैल छावणीत नेऊन बांधले. बायको, सखू, दुष्काळी कामावर खडी फोडायला जायला लागली. नव्या रस्त्याच्या कडेला बायकांची रांग बसायची आणि दिवसभर हातोडीचा आवाज. तिच्या हाताच्या चिरांत मी रात्री करंजीचं तेल भरायचो. ती म्हणायची, “हात माझेत, तुमी का तोंड वाकडं करता?” मला ते बघवत नव्हतं, सरळ सांगतो.

नगरच्या एका शेठच्या दोन गाड्या होत्या, एक लांबच्या पल्ल्याची आणि एक जुनी. जुनीचा ड्रायव्हर सोडून गेला होता. शेठ म्हणाले, आमच्या शमुवेलमामांबरोबर एक खेप मार. छावणीला चारा न्यायचा आहे. मामा हो म्हणाले तर जुनी गाडी तुझी, बायकोला घरी बसव. पण माझा नियम ठाऊक असू दे, शिकाऊ माणसाने गाडी रस्त्याखाली घातली की तो माणूस माझ्या गाडीवर पुन्हा चढत नाही. मी मान हलवली. मान हलवायला काय जातं?

शमुवेलमामा पंचावन्नच्या पुढचे. काळेसावळे, बुटके, इस्त्रीचा खाकी शर्ट, मिशी पांढरी. तीस वर्षं गाडीवर, आणि त्या तीस वर्षांत गाडीचं एक चाकही डांबराच्या खाली चुकून गेलेलं नाही, असं अड्ड्यावरचे सगळे ड्रायव्हर सांगायचे. मामा स्वतः सांगायचे नाहीत, पण दुसरा सांगत असला तर उठून जायचेही नाहीत.

सकाळी मी नारळ घेऊन गेलो. मामांनी स्टिअरिंगवर तळवा ठेवून डोळे मिटले आणि ओठातल्या ओठात प्रार्थना केली. मग म्हणाले, तुझं काय असंल ते कर. मी नारळ फोडला. त्यांनी खोबरं खाल्लं आणि हातात एक लोखंडी गज दिला. गाडीला फेरी मारून सगळे टायर ठोकायचे आणि आवाज ऐकायचा. भरलेला टायर टणटण बोलतो, हवा कमी असली की भदभद. क्लीनर त्या खेपेला नव्हता, म्हणजे क्लीनर मीच आणि शिकाऊही मीच.

इमामपूरचा घाट

गाव मागं पडल्यावर मामांनी मला स्टिअरिंगवर बसवलं. पहिल्या मैलात माझा शर्ट पाठीला चिकटला. गिअर बदलताना असा कराकरा आवाज यायचा की रस्त्यावरची कुत्री उठून जायची. क्लच दोनदा दाबायचा, मधे गाडीचा श्वास ऐकायचा, मग दांडा सरकवायचा, हे त्यांनी शांतपणे चार वेळा सांगितलं. पाचव्या वेळी विचारलं, बैलाला चाबूक मारत होतास का? मी छाती काढून सांगितलं, आयुष्यात नाही. “मंग गिअरला का मारतुयास?” एवढंच बोलले. त्यानंतर माझा हात जरा हलका पडला.

घाट उतरताना मात्र माझी पुरती शोभा झाली. पुढं वळण दिसलं, गाडी पळायला लागली, आणि माझ्या तोंडून निघालं, “होऽ होऽ होऽ!” नुसतं ओरडून थांबलो नाही, दोन्ही हातांनी स्टिअरिंग छातीकडं ओढलं, कासरा ओढतात तसं. पाय होते तिथंच. मामांनी डावीकडून पाय घालून माझ्या पायावरून ब्रेक दाबला आणि गाडी कडेला लावायला लावली. मला वाटलं आता शिव्या. बघतो तर मामा हसतायत. मिशी हलतेय, डोळ्यांतून पाणी, बोलता येईना. मला असा राग आला! माणसाचा जीव जातोय आणि याला हसू. मी खाली उतरून तोंड फिरवून उभा राहिलो.

थोड्या वेळाने तेही उतरले आणि शेजारी उभे राहिले. म्हणाले, चांगलं आहे, तुला थांबायचं तरी सुचलं. पोरं घाटात गाडी गिअरमधून काढून मोकळी सोडतात, थोडं डिझेल वाचवायला. तू तसा नाहीस. फक्त आता हातात आहे ते पायात आण. त्यांच्या बोलण्याने राग कुठल्या कुठं गेला. उरलेला घाट मी तोंडाने “होऽ होऽ” करतच उतरलो, पण पायाने ब्रेक दाबत. मामा म्हणाले, चालेल, देवाची काही हरकत नसावी.

घोडेगाव

घोडेगावला जनावरांचा बाजार भरला होता. एरवी तिथं पाय ठेवायला जागा नसते म्हणतात. त्या दिवशी जनावरं उदंड आणि घेणारे चार. एक म्हातारा बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभा होता, आणि कुणी किंमत विचारू नये म्हणून दुसरीकडं बघत होता. बाजारात येऊन असं करणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला. मला माझे बैल आठवले. फार वेळ थांबवेना.

जेवायला मामांनी गाडी लिंबाखाली लावली. इथं एक सांगितलं पाहिजे. मामांच्या आजोबांनी मिशनच्या काळात धर्म बदलला. त्याआधी त्यांचं घर गावकुसाबाहेर. माझ्या आजीने त्यांच्या हातचं पाणी घेतलं नसतं, आणि आमच्या गावात आजही काही घरांत निराळं भांडं असतं, लपवण्यात अर्थ नाही. मामांना हे सगळं ठाऊक होतं. त्यांनी डबा उघडला, दोघांच्या मधे इंजिनाच्या गरम झाकणावर ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसले. मी घ्यावं असंही म्हणाले नाहीत.

मी भाकरी मोडली. वर बोंबलाची चटणी होती, अशी झणझणीत की कानातून वाफ निघाली. डोळे पुसतोय, नाक पुसतोय आणि खातोय. मामांनी तेव्हा तोंड इकडं वळवलं आणि विचारलं, “तिखाट हाय व्हय?” म्हटलं, लई. त्यांनी पाणी पुढं केलं. मग आम्ही पोटभर जेवलो, आणि माझ्या फडक्यातला कांदा त्यांनी बुक्कीने फोडला. पुढचे दोन दिवस डबा एकच होता.

श्रीरामपूर

आमच्याकडच्या माणसाला श्रीरामपूरचा भाग दाखवला तर तो आधी चिडेल. एकाच जिल्ह्यात इकडं खडी फोडायची आणि तिकडं ऊस हिरवागार! कालव्याला पाणी कमी झालंय म्हणून तिथले लोक रडत होते. मी त्या कमी झालेल्या पाण्यात पाय सोडून अर्धा तास बसलो. मामांनी हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी गाडीत वाढं भरलं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे. तोडणाऱ्या बायका मोळ्या वर फेकत होत्या आणि मी वरून रचत होतो. या कामात मात्र मी कुणाला ऐकणारा नव्हे. बैलगाडीत कडबा रचण्यात माझी हयात गेली. मामा खाली उभं राहून बघत होते. दोर आवळल्यावर त्यांनी सगळीकडून ओढून बघितला आणि म्हणाले, यात मला शिकवण्यासारखं काही नाही. माझी मान ताठ झाली, घाटातली शरम निम्मी धुऊन निघाली. एका बाईने मला उसाचं एक कांडकं दिलं, ते मी सखूसाठी कॅबिनमध्ये खोचून ठेवलं.

तिथले लोक ‘काय हो पाहुणे’ म्हणून चहाला बोलावतात, आणि चहा म्हणजे दूधच, वर रंगापुरती पत्ती. आमच्याकडं त्या वर्षी चहा काळा होता आणि गूळ असला तर गोड. कप हातात घेताना मला उगाच चोरी केल्यासारखं वाटलं.

विळदचा घाट आणि पुढं

तिसऱ्या दिवशी भरल्या गाडीने राहुरीवरून नगरकडं निघालो. विळदचा घाट चढायचा होता. मामा म्हणाले, चढव. त्या गाडीचा दुसरा गिअर अडकायचा, त्याला जरा डावीकडं दाबून समजूत घालावी लागायची. मी क्लच दोनदा दाबला, श्वास ऐकला, समजूत घातली, आणि गिअर लोण्यात सुरी जावी तसा बसला. गाडी धापा टाकत वर आली. जीव भांड्यात पडला. मामांनी चुना तंबाखूची चंची काढली आणि पहिल्यांदाच आधी माझ्यापुढं धरली. मी तंबाखू खात नाही. त्या दिवशी खाल्ली, आणि नगर येईपर्यंत डोकं गरगरत होतं.

नगर सोडून सोलापूर रस्त्याला लागलो. हा माझा मुलूख. हिरवं मागं राहिलं, दोन्ही बाजूंना उघडी रानं आणि पाला ओरबाडलेल्या बाभळी. पण मी खुशीत होतो. गाडी हाताला आली होती, संध्याकाळच्या आत छावणी, तिथून सखूचं काम हाकेच्या अंतरावर. तिला काय सांगायचं त्याची मी मनात उजळणी करत होतो.

मिरजगावच्या अलीकडं बैलांचा एक तांडा लागला. पाच-सहा शेतकरी आपापल्या जोड्या छावणीकडं चालवत नेत होते. मी हॉर्न दिला, गाडी हळू केली, बाजूने काढली. सगळं शिकवल्याप्रमाणे. मामा डावीकडच्या खिडकीतून मान बाहेर काढून वरचा दोर ढिला झालाय का बघत होते. तेवढ्यात त्या बैलांत मला एक मोरा बैल दिसला, डाव्या शिंगाला बाक, थेट माझ्या बैलासारखा. मी मान वळवून मागं बघायला लागलो.

आता हे गाडीवानालाच कळेल. बैलगाडीत तुम्ही मागं बघा, गप्पा मारा, झोपा, बैल रस्ता सोडत नाहीत. त्यांना घर ठाऊक असतं. वीस वर्षांत कासरा सैल सोडून मी कितीदा मागं बघितलं असेल! तसंच बघितलं. हात सैल पडले. आणि त्या गाडीला काही घर ठाऊक नव्हतं. ती रस्ता सोडून कडेच्या कोरड्या ओढ्यात उतरली, पुढचं डावं चाक वाळूत रुतलं, आणि गाडी कलून थांबली. दोर तुटला. निम्मं वाढं रस्त्यावर.

लागलं कुणाला नाही. इंजिन बंद पडलं आणि इतकं शांत झालं की मामांचा श्वास ऐकू येत होता. मी म्हणालो, “मामा, गेलं सगळं.” त्यांनी आधी माझे हात-पाय चाचपले, मग स्वतःचे, मग खाली उतरले.

तोवर मागचे बैल पोचले होते. कित्येक दिवसांनी हिरवं बघितलेली जनावरं ती, मालकांच्या हातातले कासरे हिसकून वाढ्यावर तुटून पडली. शेतकरी शरमले, माफी मागत ओढायला लागले. मामा म्हणाले, खाऊ द्या, नाहीतरी यांच्यासाठीच आणलंय. आम्ही सगळे रस्त्यात उभं राहून बैलांचं खाणं बघत राहिलो. तो मोरा माझा नव्हताच. सखूसाठी ठेवलेलं उसाचं कांडकं मी त्याला दिलं, माझा त्याच्यावर राग नव्हता.

पोटं जरा भरल्यावर चार जोड्या दोराने गाडीच्या मागच्या बाजूला जुंपल्या. मामा म्हणाले, “तू बैलांम्होरं हो. हितलं तुला कळतं. स्टिअरिंगवर मी बसतो.” ते वर चढून बसले. अन् नेमकी तेव्हाच कर्जतकडं जाणारी एस.टी. आली. ड्रायव्हर मामांच्या ओळखीचा. त्याने गाडी उभी केली, डोकं बाहेर काढलं, ओढ्यातला ट्रक बघितला आणि स्टिअरिंगवर बसलेले शमुवेलमामा बघितले. सगळ्या खिडक्यांतून माणसं बघत होती. तो म्हणाला, “मामा, तुमी?”

मामांनी माझ्याकडं बघितलं नाही. “व्हय, मी,” म्हणाले. “जा तू. शिटं खोळंबलीत.”

एस.टी. गेली. मी बैलांच्या पुढं उभा होतो, हातात कासरा. मग बैलांना हाक दिली. आठ बैल एका दमात कसे ओढायला लावायचे ते मला येतं. तिसऱ्या हाकेला गाडी रस्त्यावर आली.

छावणी

आमच्या आधी बातमी पोचली होती. शेठ चाऱ्याच्या हिशेबासाठी छावणीत आलेलेच होते. सखूही कामावरून धावत आली होती, कपाळावर खडीची पांढरी धूळ, पदराने तोंड पुसत. मला धडधाकट उभा बघितल्यावर ती एका खुंटाला टेकून बसली.

शेठनी गाडीला फेरी मारली. पुढचा बंपर वाकला होता. मामांना विचारलं, काय झालं? मामा म्हणाले, नजर चुकली. “तीस वर्षांत पहिल्यांदा?” शेठना खरंच वाईट वाटलं होतं, ते तोंडावर दिसत होतं. मामा म्हणाले, वय झालं. शेठनी वाकलेल्या बंपरवरून हात फिरवला. मग म्हणाले, मामा, आता तुम्ही लांबच्या पल्ल्याला नको. जुनी गाडी घ्या, गावातल्या गावात फिरवा. आणि माझ्याकडं बोट करून विचारलं, हा कसा आहे? याला ही देऊ?

मामा म्हणाले, “द्या. गाडी येती त्याला.”

तेव्हा मला बोलता आलं असतं. तोंड उघडलंही होतं. समोर सखू होती, तिचे हात मांडीवर उताणे पडलेले. मी तोंड मिटलं. शेठनी किल्ली माझ्या हातात दिली, ती गरम होती, मामांच्या खिशातली.

सखूला त्या दिवशी मी कॅबिनमध्ये बसवून गावापर्यंत नेलं. ती सारखी विचारत होती, एवढं चांगलं झालं तर रडताय कशाला?

पुन्हा नगर

गाडीवर वर्ष काढल्यानंतर मी सखूला सगळं सांगितलं. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी आणि चटणी बांधून म्हणाली, चला.

मामांचं घर नगरात, देवळाच्या मागं. ‘देऊळ’ म्हणजे त्यांचं चर्च, वर मोठी घंटा असलेलं. आम्ही गेलो तेव्हा दुपार होती, मामा ओसरीवर खाकी शर्टाला बटण लावत बसले होते. सखूला ‘ये पोरी’ म्हणाले, मला पहिलं विचारलं, दुसरा गिअर अजून अडकतो का? मग रस्त्यांचं विचारत राहिले. विळदच्या वळणावरचं झाड आहे का, मिरजगावच्या पुढचं डांबर झालं का. सगळं बारीक विचारत होते. अड्ड्यावर पोरं त्यांना ‘काय मामा, आज रस्त्यानंच आलात ना’ म्हणून चिडवतात, हे मी स्वतः ऐकलेलं होतं. मामाही त्यांच्याबरोबर हसत होते.

मी म्हटलं, मामा, मी शेठना जाऊन सांगतो. ते दातांनी दोरा तोडत म्हणाले, “गप ए. तीस वर्सं लोकांचं वझं भाडं घिऊन वाह्यलं. येखांदं बिनभाड्याचं बी वाहू दे की.”

सखूने त्यांचे पाय धरले. मामा मला गप्प बसवू शकतात, माझे वस्ताद आहेत. पण लिहू नको असं काही ते म्हणाले नाहीत, आणि शेठ वाचणारे आहेत. हे वाचून त्यांनी किल्ली मागितली तर देईन. सखू म्हणते, हात अजून आहेत माझे.

तेव्हा पारावर, अड्ड्यावर, एस.टी.त कुणी म्हणालं, शमुवेलमामांनी तीस वर्षांनी गाडी ओढ्यात घातली, तर त्याला सांगा. मामा त्या वेळी दोर बघत होते. गाडी माझ्या हातात होती.